शत्रुपक्षाचा सेनापती

शनिवारी सकाळी सरांनी जेवणाच्या टेबलावर तीन मोठी पाकिटं मांडली आणि चष्मा दोनदा पुसला. दहा वर्षं खपून त्यांनी एका वेढ्याचा इतिहास लिहिला होता. प्रकाशकबाई त्याचं ग्राफिक नॉव्हेल काढायला तयार झाल्या होत्या, पण चित्रकार मात्र सरांनी निवडायचा आणि आज बारापर्यंत कळवायचा. नाहीतर पुस्तक पुढच्या वर्षावर. सरांच्या वयाला पुढचं वर्ष गृहीत धरण्याची हिंमत होत नसे.

तिघा चित्रकारांना नमुन्यादाखल एकच प्रसंग दिला होता : किल्ल्याच्या दरवाजासमोर उभा शत्रूचा सेनापती. सोबत दरवाजाचा फोटो आणि सरांची चिठ्ठी, ‘फोटोत आहे ते जसंच्या तसं यावं. मनाने काहीही घालू नये.’

पहिल्या चित्रात सेनापतीचे दंड मांड्यांएवढे होते आणि घोडा हसत होता. दुसऱ्यात दरवाजाचा खिळान् खिळा मोजून काढलेला, पण माणूस औषधालाही नव्हता. तिसरं पाहून सर खुर्चीतून अर्धवट उठले. धूळ, ऊन, दमलेलं सैन्य, आणि पुढे कमरेवर हात ठेवून, डोळे बारीक करून उभा सेनापती. असा, की दरवाजाने मुकाट्याने उघडावं. दहा वर्षं सर ज्याला कागदपत्रांत शोधत होते, तो हाच!

फक्त मिशी वगळली, तर ती त्यांची बायको होती.

मग सरांना आठवलं. जुन्या वास्तूचा फोटो घेताना उंचीचा अंदाज यावा म्हणून शेजारी माणूस उभा करायचा, हा त्यांचा शिरस्ता. त्या दिवशी बायकोला भर उन्हात वीस मिनिटं उभं केलं होतं. फोटो मेहुण्याने काढला होता. चित्रकाराने बिचाऱ्याने चिठ्ठी पाळली होती.

“काय आलंय हो?” आतून आवाज आला.

“काही नाही. जाहिराती!” सरांनी तिसरं चित्र पुठ्ठ्यासकट टेबलक्लॉथखाली सरकवलं. तेवढ्यात फोन वाजला.

“बोला सर, कोण?” प्रकाशकबाईंनी विचारलं.

“दुसरा,” सर पुटपुटले.

“अहो, त्यात माणूसच नाही! लढणार कोण?”

“धुकं पडलंय असं दाखवू.”

“आठ प्रकरणं धुकं?”

बायको चहा घेऊन आली. तिने कप ठेवला. तो पुठ्ठ्याच्या कडेवर तिरका झाला.

“हे काय आहे खाली?”

“राहू दे, राहू दे!” सर म्हणेपर्यंत टेबलक्लॉथ वर गेला होता.

बायकोने चित्र हातात घेतलं. लांब धरलं. जवळ आणलं. सर फोन कानाला लावून भिंतीकडे बघत राहिले.

“कोण हा?”

“शत्रू. म्हणजे... तसा शूर होता.”

“दिसतंच आहे.” तिने मान वाकडी केली. “मिशी शोभतेय की मला! इतकी वर्षं तुम्ही माझे फोटो काढताय, दरवाजे तेवढे छान येतात. याने निदान मला पाहिलं तरी.” पुठ्ठ्यामागचा तीनचा आकडा पाहून तिने फोन घेतला. “बाई, तिसरा. धुकंबिकं काही नाही.”

फोन ठेवून ती पुन्हा चित्रात शिरली.

“शेवटी मी जिंकते ना?”

“नाही गं. इतिहासच तसा आहे.”

“बरं. मग हरताना तरी रुबाबात काढायला सांगा. आणि अहो, हा मागचा कोण?”

सर वाकले. सेनापतीच्या मागे एक किडकिडीत सेवक उभा होता. चष्मा तेवढा नव्हता. एका हातात छत्री, खांद्याला बायकी थैली, चेहऱ्यावर अपराधी भाव. मेहुण्याने काढलेल्या त्या फोटोच्या कडेला आपणही होतो, हे सरांच्या आत्ता ध्यानात आलं.

“याचं पुढे काय होतं?” बायकोने विचारलं.

सरांनी सगळी साधनं मनातल्या मनात चाळली. छत्रीवाल्याचा उल्लेख एकाही कागदात नव्हता.

“तो शेवटपर्यंत बरोबर असतो,” ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच इतिहासात पुराव्यावाचून एक ओळ लिहायला पेन्सिल शोधू लागले.