वेबसाइटला माया ठेवणारे मास्तर

दिनकर मास्तर कॉम्प्युटरच्या पडद्याला शिंप्याची टेप लावून मोजतात. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कुठल्याशा बँकेच्या वेबसाइटवर वाकले होते आणि चेहरा असा, की घरात चोरी झाली असावी.

“ताई, मात्रा कापली!”

“कुणाची?”

“ह्या ‘ठेवी’ची. वरनं कापड आखूड पडलं आन् मात्रा उडाली. ‘ठेव’चं ‘ठव’ झालंय बगा. आन् ह्येंच्याकडं लोकांनी जल्माची कमाई ठेवायची!”

मास्तर फौजेतून निवृत्त झालेले टेलर. उभा जन्म पलटणीच्या वर्द्या शिवल्या आणि मग साताऱ्यात येऊन माझ्या शेजारी राहिले. वहिनी गेल्यापासून एकटेच असतात. शिलाई मशीनवर आता कॉम्प्युटर बसलाय आणि मास्तर वेबसाइटचे कपडे शिवतात. ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

वेबसाइटचं पान म्हणे दोन भागांत असतं. एकात नुसता मजकूर, उघडाबोडका. दुसऱ्यात त्याचे कपडे: रंग, अक्षरांची मापं, कडेची जागा. या दुसऱ्याला स्टाईलशीट म्हणतात. हे मी मास्तरांकडून इतक्यांदा ऐकलंय, की झोपेत म्हणून दाखवीन. “जवान त्योच. सकाळी पीटीची वर्दी, दुपारी परेडची, सांजच्याला मेसची. जवानाला हात लावायचा न्हाई, निस्तं कापड बदलायचं.”

त्यांची भाषाही शिंप्याची. चौकटीची रेघ म्हणजे काठ. रेघ आणि मजकूर यांच्यामध्ये सोडलेली जागा म्हणजे माया. ब्लाउज शिवताना आत जास्तीचं कापड ठेवतात ना, ती. कुठल्याही सरकारी पानावर मजकूर रेघेला चिकटलेला दिसला, की मास्तर कळवळतात. “माया न्हाई ठेवली! श्वास घेतला तर बटण तुटंल.” आणि स्टाईलशीटमधले दोन नियम एकमेकांच्या विरुद्ध गेले, तर कोणाचं चालणार? जो मजकुराच्या जास्त जवळ उभा आहे त्याचं. त्यावरही कडी करायची, तर एक खास शब्द लिहावा लागतो, तो कर्नलसाहेबांचा हुकूम. “पर कर्नलसायेब सारखंच वरडाया लागलं, की समजावं पलटणीत शिस्त न्हाई.”

मी वाचनालयात ग्रंथपाल आहे, म्हणजे रिकाम्या खुर्च्यांची राखण करते. मास्तरांना सरावाला मजकूर हवा होता, तेव्हा मी आमच्या वाचनालयाचे सात नियम देऊन टाकले. जगात याहून रुक्ष मजकूर नसेल. वर्षानुवर्षं ते दारावर टांगलेत आणि कोणी वाचल्याचं मला आठवत नाही.

मास्तरांनी त्या सात नियमांना जे जे नेसवलं, ते मी खुर्ची ओढून बघत बसले. एकदा ते एस.टी.च्या वेळापत्रकासारखे उभे राहिले, एकदा लग्नपत्रिकेसारखे नटले. ‘पाने दुमडू नयेत’ या नियमाचा कोपरा, बोट लावलं की दुमडायचा आणि लाजून सरळ व्हायचा. आणि ‘शांतता राखावी’ हा नियम त्यांनी अगदी बारीक अक्षरात लिहून चहूबाजूंनी पडदाभर जागा मोकळी सोडली होती. मी तो वाचला आणि खरंच, माझा आवाज आपोआप खाली आला. मजकुरातला एक कानाही बदलला नव्हता.

प्रत्येक नवा पोशाख ते मोबाइलवरून मुलाला पाठवायचे; हल्ली उत्तरात नुसतं अंगठ्याचं चित्र यायचं. सुहास सांगलीत वेबसाइटच्या कंपनीत होता. मध्ये करोनात सगळं बंद होतं तेव्हा तो तीन महिने साताऱ्यात येऊन राहिला आणि मशीनशेजारी बसून काम करायचा. मास्तरांनी एक दिवस सहज विचारलं, हे काय रं? सुहासने तासभर समजावून सांगितलं. बाप-लेक त्याआधी इतकं कधी बोललेच नव्हते. फौजेतून रजेवर आलं, की लहानगा सुहास आईला विचारायचा, ‘आलेला माणूस कवा जानार?’ हे मास्तर हसत हसत सांगतात. ऐकणाऱ्याला हसू येत नाही.

वाचनालयाची वेबसाइट करायचं ठरलं, तेव्हा मी मास्तरांचं काम समितीपुढे ठेवलं. अध्यक्ष म्हणाले, “छान आहे हो, पण मोकळं मोकळं वाटतंय.” दोन मिनिटांत तयार मिळणारं एक पान त्यांनी पसंत केलं. त्यावर गुलाब फिरतात आणि ‘सुस्वागतम्’ची अक्षरं अशी ताणलीत, की शिरोरेषेचे तुकडे झालेत. आमच्याकडे चांगल्या कामाचं हेच होतं, मला नवल वाटलं नाही. मास्तरांनी ते पान पाहिलं, “शिवण उसवली,” एवढंच म्हणाले आणि घरी गेले. चार दिवस त्यांच्या दाराची कडी वाजली नाही.

मला राहवेना. मी सांगलीला सुहासला फोन लावला. म्हटलं, अरे, तू तरी दोन शब्द चांगले लिही त्यांना. नुसता अंगठा काय पाठवतोस?

तिकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “काकू, कंपनी बंद पडून दोन वर्षं झाली. वेबसाइटचे कपडे आता मशीन आपलं आपणच शिवतं. मी तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गेटपास लिहितो. बाबांचं पान आलं की उघडवत नाही मला. त्यांना सांगू नका.”

मी कबूल केलं आणि तडक मास्तरांकडे गेले. ते पडद्यासमोरच होते. नव्या पोशाखात सातवा नियम दिसतच नव्हता. पांढऱ्यावर पांढरी अक्षरं.

“मास्तर, चुकलंय.”

“चुकलं न्हाई. ठेवलंय.”

मला कळेना. मास्तरांनी टेपची गुंडाळी केली.

“पयल्यांदा पाठवायचो तवा पोरगं लय झापायचं. बाबा, ह्ये आखूड झालं, ह्ये वाचता येत न्हाई. मग निस्ता अंगठा याया लागला. म्हनून म्या मुद्दाम चुका ठेवाया लागलो. बारीक ठेवल्या, मग मोठ्या ठेवल्या. तरी अंगठाच. तवाच वळखलं म्या, पोराचं काम सुटलंय. कारागीर असली चूक बघून गप बसत न्हाई, ताई.”

“मग विचारा ना त्याला!”

“इचारलं की खरं सांगावं लागंल त्येला. खरं सांगितलं, की म्या पाठवायचं कशाला? मग अंगठा बी बंद.”

मला रडू फुटलं, ते मी पदराने झाकलं. मास्तरांनी पान पाठवलं आणि मोबाइल माझ्यासमोर ठेवून चहा टाकायला आत गेले. वाचल्याच्या दोन खुणा निळ्या झाल्या आणि खाली अंगठा उमटला.

“काय म्हनतोय?” आतून आवाज आला.

“अंगठा,” मी म्हटलं.

आत कपबशा मांडल्याचा आवाज झाला.

“म्हंजे बरा हाय.”