दारापुढचा बांध

लोकशाही पुराव्यावर चालते, आणि काम करणारा माणूस पुरावे मागे ठेवत जातो. ज्याने काही केलंच नाही, त्याच्यावर कोण काय सिद्ध करणार? ही साधी गोष्ट वाडेल फॉल्सचे माजी महापौर ऑर्विल टॉर्गरसन यांना साठी उलटेपर्यंत कोणी सांगितली नाही, म्हणून ते गव्हर्नरपदाला उभे राहिले. (तिकडे गव्हर्नर लोकच निवडून देतात. शिव्या द्यायला हक्काचा माणूस मिळतो.)

ऑर्विलची सारी कीर्ती बर्फावर उभी होती. ते महापौर असताना कितीही बर्फ कोसळो, शाळेची बस निघायच्या आत गावातला रस्ता न् रस्ता काळाभोर दिसे. बर्फ काढायच्या गाडीपुढचं पातं तो बाजूला लोटत जाई. आता बाजू म्हटली की तिथे कोणाचं तरी दार आलंच. त्यामुळे रस्ता मोकळा होई आणि प्रत्येकाच्या दारापुढे गुडघाभर बर्फाचा बांध उभा राही. तो ज्याचा त्याने फावड्याने उपसायचा, दातओठ खात. त्यात कोणाची कंबर धरली, कोणाचं फावडं मोडलं, एका जोडप्याचं तर लग्नच मोडलं (फावडं शाबूत राहिलं).

सगळ्या राज्याचे रस्ते आपल्या गावासारखे काळेभोर दिसावेत, एवढी एकच हौस ऑर्विलना होती. त्यासाठी राजधानीहून केंड्रा नावाची प्रचार-सल्लागार आणली. तिने गावात रीतसर पाहणी केली. रस्ते साफ असत हे चार टक्क्यांना आठवत होतं. बांध एक्क्याण्णव टक्क्यांना आठवत होता. उरलेल्यांच्या मते रस्ते वाऱ्याने साफ होत.

समोर होते ब्रॅडली हेवन्स. गालिच्यांचे व्यापारी, दात सुरेख, आयुष्यात एकही पद भूषवलेलं नाही. त्यांची घोषणा होती, ‘हेवन्सने तुमचं काय वाकडं केलंय?’ राज्यभर कोणालाच उत्तर देता येईना.

चर्चच्या जेवणात ऑर्विलना शेजारच्या मिल्ड्रेडबाईंनी गाठलं.

“तू भला माणूस आहेस रे ऑर्विल. पण त्या नाताळात माझ्या दारात टाकलेला बांध मी मरेपर्यंत विसरणार नाही.”

“अगं, त्याच रस्त्याने अँब्युलन्स आली ना तुझ्या नवऱ्याला न्यायला?”

“आली की! आणि दारात येऊन तुझ्या बांधालाच अडली!”

“आणि हेवन्सने काय केलंय गं तुझ्यासाठी?”

“काही नाही केलं बिचाऱ्याने,” मिल्ड्रेडबाई मायेने म्हणाल्या. (नवरा वाचला. हे बोलणं चालू होतं तेव्हा तो घरच्या अंगणात हेवन्सचा फलक ठोकत होता.)

केंड्राने निदान केलं, केलेल्या कामाचा डाग धुऊन काढला पाहिजे. मग माफीदौरा निघाला. गावोगावी ऑर्विल उभे राहत, टोपी काढत आणि रस्ते साफ केल्याबद्दल जनतेची क्षमा मागत. ‘निवडून आलो तर कोणाच्याही दारापुढे काहीही लोटणार नाही,’ अशी जाहीर शपथ घेत. लोकांचे डोळे पाणावत.

“लोक चोरी करून माफी मागतात,” त्यांची बायको लॉर्ना म्हणाली. “तू झाडू मारून मागतोस! लाज कशी वाटत नाही?”

“वाटते गं. पण आकडे चढतायत.”

चढत होतेच. मतदानाच्या आदल्या दिवशी दोघे राज्यभर बरोबरीला आले, आणि वाडेल फॉल्सने तर आपल्या माणसाला पुरतं माफ केलं होतं.

आणि मतदानाच्या दिवशी उजाडता उजाडता बर्फ कोसळला. विद्यमान महापौर शहाणे होते. ऑर्विलचं काय झालं हे पाहून त्यांनी बर्फाची गाडी काढायचीच बंद केली होती. त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती (तक्रार द्यायला कोणी पोचूच शकत नसे).

केंड्राचा फोन आला. “सगळीकडे काट्याची टक्कर आहे. तुमच्या गावावर अडलंय, आणि तुमचं गाव घरात अडकलंय!”

“गप घरी बस,” लॉर्ना म्हणाली. “शपथ घेतलीयस.”

ऑर्विलनी खिडकीतून पाहिलं. रस्ता पांढराफटक. त्यांचे हात शिवशिवायला लागले. कोट चढवून ते नगरपालिकेच्या शेडमध्ये गेले. गाडीची किल्ली जुन्या रिवाजाप्रमाणे गाडीतच होती. दुपारपर्यंत गावातला प्रत्येक रस्ता काळाभोर झाला. माफी मागायला लागल्यापासून त्या माणसाला पहिल्यांदाच बरं वाटलं; गाडीत बसून ते चक्क शीळ घालत होते.

मतदानाचा उच्चांक झाला. प्रत्येक मतदाराने दारापुढचा बांध उपसला, मग तो मोटारीत बसला, स्वच्छ रस्त्याने पाच मिनिटांत केंद्रावर पोचला आणि हेवन्सना मत देऊन आला. हेवन्स निवडून आले, तेही वाडेल फॉल्सने दिलेल्या आघाडीवर.

मिल्ड्रेडबाई कंबरेला हात लावून म्हणाल्या, “वाईट वाटतं रे ऑर्विल. पण तू शब्द मोडलास.”

 

काय कृतघ्न गाव आहे, असं तुम्ही म्हणाल. अवश्य म्हणा. फक्त आज सकाळी तुमच्या नळाला पाणी कोणी सोडलं, त्याचं नाव तेवढं सांगा. आठवत नसेल तर घाई नाही. एक दिवस पाणी आलं नाही की लगेच आठवेल.