ओल्या गोवऱ्या आणि एल्कची शिकार

"तू रोडग्याकडे पाह्य. धनुष्य बायकायचं काम नाई," वामनरावांनी बायकोला सांगितलं. त्या सकाळची ही त्यांची पहिली चूक.

रामदासपेठेतून निघालेली गाडी नरखेडजवळच्या त्यांच्या संत्र्याच्या बागेत नुकतीच पोचली होती. पुतण्या दुर्गेश अमेरिकेहून आला होता. तिकडे तो मित्रांबरोबर धनुष्यबाणाने एल्कची, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाची, शिकार करतो. इथे खऱ्या जनावरावर बाण सोडला तर सरळ तुरुंग. म्हणून वामनरावांनी एका गादीवाल्याकडून फोमचा एल्क शिवून घेतला होता. शिंगं म्हणून संत्र्याच्या वाळक्या फांद्या. एकूण रूप लग्नाला निघालेल्या गाढवाचं होतं, पण तसं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

"मले बी एक बाण मारू द्या. एकच," कौशल्याबाई म्हणाल्या.

"दोरी ओढन का वं तुह्याच्यानं? दुर्गेशचं धनुष्य त्यातल्या त्यात हलकं हाय, ते बी नाई ओढणार तू. माह्यं तं इचारूच नको!"

दुर्गेश घाईघाईने बुटाची लेस बांधू लागला.

"उमरेडले बापाच्या मागावर लुगडे इणले मी, लग्न होयेपर्यंत," कौशल्याबाईंनी सुनावलं. "मारीनच. पायजा तुम्ही!"

वामनराव, दुर्गेश आणि शेजारचे प्रेमानंद झाडपाल्याच्या रंगाचे कपडे घालून बांधामागून पोटावर सरकू लागले. फोमच्या जनावराला ऐकू येत नाही, हे प्रेमानंदांनी सुचवून पाहिलं. "शिकारीले शिस्त लागते," असं उत्तर मिळालं.

वामनरावांचा पहिला बाण मोसंबीच्या झाडात गेला. दुसरा ठिबकच्या मुख्य पाइपात घुसला. पाण्याचा फवारा उंच उडाला आणि नेमका गोवऱ्यांच्या विस्तवावर पडला. आत रोडग्यांचे कणकेचे गोळे भाजत होते.

"अवो, माहे रोडगे!"

दुर्गेश धनुष्य बांधावर टाकून मोटर बंद करायला पळाला. प्रेमानंद चिखलातूनच ओरडले, "वामनराव, जेवणाचं काय आता?"

कौशल्याबाईंनी कणकेचे हात पुसले, पदर खोचला आणि बांधावरचं धनुष्य उचललं. घरच्या अंगणात दुर्गेश वामनरावांना शिकवायचा तेव्हा त्या डाळ निवडता निवडता सगळं बघत असत.

"ठेव ते खाली!"

"नाई ठेवत."

"कोणाले लागन ना वं!"

"मंग बाजूले व्हा!"

दोघेही शिकारी पुन्हा पोटावर झोपले, या वेळी मनापासून. दोरी कानापर्यंत आली. बाण एल्कच्या ढुंगणात घुसला आणि एल्क तोंडावर पडला.

वामनराव उठले, कपडे झटकले. "हलक्या धनुष्यानं कोणी बी मारन. मी म्हटलंच होतं."

तेवढ्यात चिंब भिजलेला दुर्गेश परत आला. काकूच्या हातातलं धनुष्य पाहून त्याचे डोळे विस्फारले.

"काकू, हे तुम्ही ओढलं?"

"हाव. काहून?"

"अवो, हे जड हाय! काकाजीच्यानं ओढलं नाई म्हणून त्यायच्या धनुष्याचे पेच ढिले करून ते हलकं करून देल्लं मी. कोणाले सांगू नको म्हणे..." आणि त्याने जीभ चावली.

वामनरावांनी मोसंबीच्या झाडाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. प्रेमानंद खोकण्याच्या नावाखाली हसत होते.

"काय जी?" कौशल्याबाईंनी विचारलं. "आता रोडग्याकडे तुम्हीच पाहा. हलकं काम हाय, तुमच्याच्यानं होईन. दुर्गेश, उभा कर बाप्पा तो एल्क. माह्यं मन नाई भरलं अजून."

वामनराव ओल्या गोवऱ्यांपुढे उकिडवे बसले. धूर होत होता, जाळ काही होत नव्हता. मागे दोरी वाजली. बराच वेळ त्यांनी मान वळवली नाही, पण शेवटी राहवलं नाही.

"लागला का?"

"लागला!" प्रेमानंद ओरडले.

"कुठं?"

"ह्या खेपेले मानेत!"

वामनरावांनी स्वतःच्या मानेवरून हात फिरवला आणि जोरात फुंकर मारली.