सबब ताईचं नम्र मत

प्रतिक्षा बारावीत गेली त्याच दिवशी हरिदासरावांनी घरातल्या टीव्हीवर चादर टाकली. चादर अस्सल सोलापुरी, मोराच्या नक्षीची, डबल बेडची. तिच्याखाली टीव्ही तर गेलाच, शेजारचं शोकेसही गेलं आणि त्यातला चहाचा सेट वर्षभरासाठी वापरातून बाद झाला. मग त्यांनी मुलीचा मोबाइल मागून घेतला आणि स्वतःच्या ऑफिसच्या बॅगेत ठेवला.

"परीक्षा झाली की मिळंल," ते म्हणाले. "आता फक्त इंजिनीअरिंग."

प्रतिक्षाला इंजिनीअर व्हायचं नव्हतं. तिला कापडावरच्या नक्षीचं शिक्षण घ्यायचं होतं आणि वहीच्या मागच्या पानांवर ती सतत चादरींचे काठ काढायची. हरिदासरावांनी ती पानं एकदा लांबून पाहिली होती आणि 'पानं वाया' एवढा शेरा दिला होता. ते एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते. शेरा दिला की विषय संपतो, हा त्यांचा सव्वीस वर्षांचा अनुभव होता.

मोबाइल आठवडाभर बॅगेत गप्प पडून होता. आठव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, ते कडक भाकरी मोडून शेंगाचटणीशी खात असताना, तो वाजला. 'कट्टा क्रमांक सात' या मालिकेचा नवा भाग आला होता. कॉलेजातल्या पोरापोरींची मालिका. लेकीच्या डोक्यात काय भरलं जातंय ते बापाला ठाऊक असावं, म्हणून त्यांनी केवळ तपासणीसाठी एक भाग पाहिला. तपासणी अपुरी वाटली म्हणून दुसरा पाहिला. महिन्याभरात तपासणी अशी वाढली, की सुट्टीत त्यांना कुणी भेटायला आलं तर शिपाई सोमलिंग "साहेब कामात हायत" असं दारातूनच सांगू लागला.

भागाच्या खाली 'तुमचं मत लिहा' असा एक चौकोन असायचा. रिकामा चौकोन तसाच सोडणं लिपिकाच्या रक्तात नसतं. हरिदासरावांनी तो भरला :

'विषय : भाग क्र. ११२ मधील मल्हारच्या वर्तनाबाबत. उपरोक्त भागात मल्हार हा ऋतुजा हिला कँटीनमध्ये एकटीला सोडून गेल्याचे निदर्शनास आले. सदर बाब खेदजनक आहे. सबब, त्याने दोन दिवसांत लेखी माफी मागावी, ही विनंती.'

मोबाइल प्रतिक्षाचा, त्यामुळे मताखाली नाव तिचंच उमटलं. ते हरिदासरावांना दिसलं, पण खटकलं नाही. सव्वीस वर्षं मजकूर त्यांचा आणि खाली नाव साहेबांचं, हीच त्यांची नोकरी होती.

त्या मताला चार हजार जणांनी पसंती दिली. राज्यभरातल्या पोरांना वाटलं, सोलापूरची कुणी पोरगी मुद्दाम गंमत करतेय. त्यांनी तिचं नाव 'सबब ताई' ठेवलं. टीव्हीवरही भागाच्या शेवटी तिचं मत दाखवू लागले. सबब ताई आज काय म्हणते, याची वाट बघणं सुरू झालं आणि सबब ताईही बरोबर दीड ते दोनच्या दरम्यान नियमित मत नोंदवू लागली. करमाळ्याहून हरिदासरावांच्या बहिणीचा फोन आला, की पोरगी भर दुपारी मोबाइलवर असते, जरा लक्ष द्या. हरिदासराव गडबडीत होते. लक्ष देतो म्हणाले आणि भाग पुढे सुरू केला.

मग एका सोमवारी मालिकेवाल्यांनी 'आठवड्याची प्रेक्षक' म्हणून सबब ताईचा फोटो लावला. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभी असलेली प्रतिक्षा. हरिदासरावांनी तो मोबाइल घाईनं बॅगेत टाकला. बॅगेची चेन लागायच्या आत त्यांचा स्वतःचा मोबाइल वाजला.

प्रतिक्षाच्या शिकवणीच्या वैजयंती मॅडमचा फोन होता. मॅडमची वीसच मुलांची खास बॅच होती. तिच्यात जागा मिळणं कठीण, टिकणं त्याहून कठीण. मॅडम शांतपणे म्हणाल्या, की प्रतिक्षाचं नाव त्या कमी करतायत. बॅचमध्ये मोबाइल चालत नाही. आणि वर पोरगी खोटंही बोलतेय, मोबाइल म्हणे वडिलांकडे असतो.

दुसऱ्या दिवशी बाप-लेक मॅडमसमोर बसले. प्रतिक्षाने एकदाच वडिलांकडे पाहिलं आणि नजर टेबलावर ठेवली. मोबाइल खरंच कुणाकडे आहे हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं, आणि ती काही बोलणार नव्हती. हरिदासरावांनी आधी 'तांत्रिक अडचण' हा शब्द वापरून पाहिला. मॅडमनी ऐकून घेतला, चष्मा लावला आणि समोर काढून ठेवलेलं सबब ताईचं एक मत मोठ्यानं वाचायला घेतलं.

"विषय, ऋतुजाच्या वडिलांबाबत. सदर गृहस्थ मुलीला डॉक्टर करण्याचा आग्रह धरीत आहेत. तथापि, तिला चित्रकलेची आवड असल्याचे स्पष्ट दिसते. सबब, वडिलांनी मुलीच्या वहीची मागची पाने एकदा जवळून पाहावीत, असे नम्र मत आहे."

प्रतिक्षाने मान वर केली. हे मत ती पहिल्यांदाच ऐकत होती.

हरिदासरावांना कळून चुकलं, की गप्प बसलो तर पोरीची जागा जाते, आणि बोललो तर घरातला दरारा. त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं.

"मॅडम," ते म्हणाले, "ते मत माझं हाय. सगळीच माझी हायत. पोरगी खरं बोलत होती."

मॅडमनी चष्मा काढला. सतरा वर्षांची मुलगी 'तथापि' लिहिते, हे आपल्यालाही पटत नव्हतंच, असं म्हणून त्यांनी प्रतिक्षाचं नाव पुन्हा यादीत घातलं. पण नियम तो नियम. मोबाइल पाहणाऱ्यानं 'परीक्षेपर्यंत मोबाइल पाहणार नाही' हे वाक्य शंभर वेळा लिहायचं. हरिदासरावांनी मागच्या बाकावर बसून ते सुवाच्य अक्षरात लिहिलं, वर जावक क्रमांक टाकला आणि स्वतःच्या दप्तरासाठी एक स्थळप्रत घरी नेली.

घरी प्रतिक्षाची आई शालनबाई दारातच उभ्या होत्या. प्रतिक्षानं झालेलं सांगितलं, पण त्यांना फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"मला म्हायती होतं की," त्या म्हणाल्या. "लग्नाआधी मला पत्र धाडलं होतं तुमी. त्यात बी 'सबब आपण होकार कळवावा' असंच होतं. आनि मल्हारनं शेवटी माफी मागितली, पर लेखी न्हाय दिली."

"तुला कसं कळलं?"

शालनबाईंनी टीव्हीकडे पाहिलं. चादरीची एक बाजू बरीच चुरगळलेली होती. रोज दुपारी वर करून खाली केल्यासारखी.

हरिदासरावांनी चादरीची ती बाजू सारखी केली. ते खुर्चीत बसले. थोड्या वेळानं प्रतिक्षा आली आणि तिनं त्यांच्यापुढं एक वही ठेवली, उलटी, मागची पानं वर येतील अशी. वर एक कागद टाचला होता.

'विषय : इंजिनीअरिंगऐवजी वस्त्र-नक्षीच्या शिक्षणास परवानगी मिळण्याबाबत. संदर्भ : आपलेच नम्र मत.'

"पप्पा, संदर्भ तपासून बघा," ती म्हणाली. "तुमचाच हाय."

हरिदासरावांनी चष्मा लावला. पहिल्या पानावर मोर होता, पण चादरीवरच्यासारखा ताठ नव्हता, वळून मागं बघणारा होता. त्यांनी मान वर करून टीव्हीवरचा मोर पाहिला, परत वहीतला पाहिला. मग सगळी पानं पाहिली. शालनबाईंनी चादर काढली, शोकेसमधून चहाचा सेट काढला, चहा केला, तो निवला, तरी ते पाहतच होते.

शेवटी त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि अर्जाच्या डाव्या कोपऱ्यात, साहेब लिहितात त्या जागी, लिहिलं :

'पाहिले. मंजूर. पुढील वही सत्वर सादर करावी.'

आणि आयुष्यात पहिल्यांदा, शेऱ्याखाली त्यांनी स्वतःचं नाव घातलं.