सगळीकडे एकदम

एकच गोष्ट दोनदा करायला लावली, तर विलासदादाच्या अंगावर पाल पडल्यासारखं होतं. सकाळी ऑफिसात आला की तो दारातच उभा राहतो, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवतो आणि "सगळ्यांना राम राम" म्हणून मोकळा होतो. त्यानंतर कुणी उशिरा येऊन त्याला नमस्कार केला, तर त्याचं उत्तर ठरलेलं, "तुझा मगाशी झाला."

आमचं ऑफिस म्हणजे शहापूरच्या बाजारात चपलांच्या दुकानावरचा माळा, चार कॉम्प्युटर आणि एक शोभेचा एसी. फार्महाऊस, भातगिरण्या, मंगल कार्यालयं यांच्या वेबसाइट आम्ही बनवतो. विलासदादा आमच्यातला सगळ्यात जुना. माउस त्याने कधीच मला देऊन टाकला. हात कीबोर्डवरून उचलायचा, माउस धरायचा, पुन्हा परत यायचं, एवढा प्रवास त्याला सोसत नाही. तो एखादा शब्द निवडतो, कंट्रोल दाबून डी मारतो, की पुढचा तसाच शब्द निवडला जातो. पुन्हा डी, पुन्हा पुढचा. हळूहळू स्क्रीनभर कर्सरच्या काड्या लुकलुकायला लागतात, आणि एका जागी टाइप केलं की सगळ्या जागी उमटतं.

"भाताच्या आवणीला बायका लायनीत वाकतात ना, तशा या काड्या," तो मला म्हणाला होता. "फक्त गप बसून लावतात."

पुढेपुढे एकेक डी मारणंही त्याला जड व्हायला लागलं. एका फटक्यात फाइलमधले सगळे शब्द निवडणारी कळ त्याला सापडली आणि माणूस हातचा गेला. "एकदाच मार, सगळीकडं लागल," हे त्याचं ब्रीद. चहाही तो असाच सांगतो, "सगळ्यांना कटिंग, साखर कमी." मला गोड चहा लागतो हे मी किती वर्षं सांगतोय. शर्ट घेतले तेही एका रंगाचे, एकदम पाच. तो रोज तोच शर्ट घालतो, असा आमच्या खालच्या चप्पलवाल्याचा पक्का समज आहे.

बसल्या जागी त्याचा पाय सारखा हलत असतो. टेबल हलतं, माझा स्क्रीन थरथरतो. चार वाजून गेले की खिडकीकडे बघणं सुरू.

"एवढा वेळ वाचवून त्याचं काय लोणचं घालतोस रे दादा?" मी एकदा विचारलं.

"पाचची शेणव्याची एसटी पकडतो," तो म्हणाला.

त्यावर पुढे चेष्टा करायची सोय नव्हती. शेणव्याला घरी तो आणि त्याची म्हातारी आई, दोघंच. दिवसभर शेजारच्या काकू आईजवळ बसतात, पण दिवेलागणीला त्यांनाही घरी जावं लागतं. दादा तोवर पोचला नाही तर आई घराबाहेर पडते. एकदा ती पार डोळखांबच्या रस्त्याला लागली होती.

गेल्या लग्नसराईत मुरबाडच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकांनी शहापूरला दुसरं कार्यालय बांधायला घेतलं. वेबसाइटवर त्याची नवी पानं हवी होती. दादाने जुन्या पानांची नक्कल केली, 'मुरबाड' निवडून 'शहापूर' टाइप केलं आणि हात झटकले. निवडताना नव्या पानांबरोबर जुनीही धरली गेली, हे त्याला कळलं नाही. मी म्हटलं, एकदा तपासून घे. "केलंय ते परत काय बघायचंय?" म्हणाला.

दोन-तीन दिवसांनी, चारच्या सुमाराला, मालकांचा फोन आला. मुरबाडच्या कार्यालयात गोरज मुहूर्ताचं लग्न होतं. नवरदेव घोड्यावर बसून राहिला होता आणि बेंजोवाले फोनवर पत्ता बघत शहापूरला येऊन पोचले होते, जिथे भिंतींना अजून प्लास्टरही नव्हतं. गवंड्यांनी त्यांना पाणी पाजलं आणि दोन गाणी वाजवून घेतली. आता पाहुण्यांच्या गाड्याही तिकडेच वळतील, आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा, म्हणून मालक ओरडत होते.

"सगळे शहापूर निवड आणि मुरबाड करून टाक," मी म्हणालो.

"मग खरे शहापूर पण मुरबाड होतील ना रे. जुन्या पानांवर पण शहापूरचा रस्ता, शहापूरची एसटी दिलीय."

जुनी प्रत परत चढवायचीही सोय नव्हती, कारण मधल्या दिवसांत त्याच पानांवर मी दर आणि फोटो बदलले होते. एकेक शब्द वाचून ठरवण्याशिवाय इलाज उरला नाही. दादा वाचत बसला. प्रत्येक शहापूरपाशी थांबायचा, हा कुठला ते बघायचा, मगच पुढे जायचा. पाच वाजता त्याने एकदा खिडकीबाहेर पाहिलं आणि मान परत खाली घातली. मला त्याच्याकडे बघवेना.

काम संपल्यावर तो एवढंच म्हणाला, "भाऊ, गाडी काढ."

मोटारसायकलवर मागे बसून त्याने माझा जीव नकोसा केला. ट्रकच्या पुढं काढ, हॉर्न मार, खड्डा बघू नको. शेणव्याला पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. आई पायात चपला घालून रस्त्याच्या कडेला उभी होती आणि काकू तिचा हात धरून "थांबा गो, आई" म्हणून विनवत होत्या.

आईने विलासदादाकडे निरखून पाहिलं. "दादा, रस्त्यात माजा इलास दिसला का रे?"

मला वाटलं, थट्टा करतेय.

"दिसला की," तो म्हणाला. "गाडीत बसलाय. येल आता."

त्याने तिला घरात आणलं, चपला काढल्या, पाय पुसले. तेवढ्यात तिने पुन्हा विचारलं, इलास आला का. "गाडीत बसलाय, आई. येल आता." चूल पेटवताना विचारलं, तांदूळ धुताना विचारलं, मला चहा देताना विचारलं. प्रत्येक वेळी तो हातातलं काम थांबवायचा, तिच्याकडे बघायचा आणि पहिल्यांदाच कुणी विचारल्यासारखं उत्तर द्यायचा.

"तिला सांग ना, तूच आहेस म्हणून," मी हळूच म्हणालो.

"सांगायचो आदी. तिला पटत नाय. म्हणते, माजा इलास शाळेत जातो, तू एवढा बाप्या, माज्या पोराला कुठं ठेवलास? मग रडत बसते." त्याने चुलीत लाकूड सारलं. "वाट बघते तवर बरी असते."

मी चहा संपवून कप खाली ठेवला. मी निघायला उठलो. ओट्यावर आईने माझी बाही धरली.

"तू शहापूरला चाललास ना, पोरा? माजा इलास भेटला तर त्याला सांग, आई जेवायची थांबलेय."

"सांगतो, आजी," मी म्हणालो.

मी परत आत गेलो. दादा पाठमोरा बसून भात वाढत होता.

"विलासदादा, आई जेवायची थांबलेय."

त्याने भाताचं पातेलं खाली ठेवलं. मागे न बघताच तो म्हणाला, "सांग तिला, आलोच."