मोठेबाबांचं पाचवं शील

आमच्या वॉर्डात मोठेबाबा भेटले की आधी जय भीम होत नाही. आधी तोंड उघडावं लागतं.

"हा कर."

समोरच्याने तोंडाने हवा सोडायची. मोठेबाबा नाक पुढे करतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. "चहा. आलं जास्त टाकलं." किंवा, "कांदा. रातचा." निकाल स्वच्छ निघाला तर मग जय भीम. नाही निघाला तर तुम्ही साहेब असा की नवरदेव, मोठेबाबा वाटेतून हलत नाहीत.

ते माझे सख्खे कोणी नाहीत. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आमच्या घराला लागून त्यांचं घर आहे आणि वॉर्डातले लहानथोर त्यांना मोठेबाबाच म्हणतात. आयुष्यभर ते उकव्याच्या मँगनीज खाणीत फाटकावर होते. दारू पिऊन कोणी खाणीत उतरू नये म्हणून पाळीवर आलेल्या माणसांच्या तोंडाचा वास घ्यायचा, हे त्यांचं काम. माझे बाबा म्हणतात, "खदान सुटली, पन नाक काही ड्यूटीवरून उतरलं नाही."

रिटायर झाल्यावर त्या नाकाला विहाराचं दार मिळालं. दर रविवारी संध्याकाळी आमच्या विहारात वंदना होते. मोठेबाबा पुढे उभे राहून पंचशील म्हणतात, आम्ही त्यांच्यामागून म्हणतो. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. ते म्हणताना त्यांचा आवाज असा चढतो की बाहेरची कुत्रीही शांत होतात. मोठेबाबांचं म्हणणं, पाचवं मोडलं की बाकीची चार मोडायला वेळ लागत नाही. म्हणून वंदनेआधी ते दारात उभे राहतात आणि एकेकाला "हा" करायला लावून आत सोडतात.

या दारात काय काय अडकलं ते सांगायचं तर वेळ लागेल. होमिओपॅथीचे थेंब घेणाऱ्या मास्तरीणबाई अडकल्या. जास्त पिकलेलं केळ खाल्लेला एक लहान मुलगा अडकला. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात तर गोंदियाकडून आलेले नवरदेवाचे मामा अडकले.

"खोकल्याचं औषध घेतलं जी मी," मामा म्हणाले.

"मंग दवाखान्यात जा नं. इथी मंगल परिणय हाय."

मामांनी अख्खं लग्न मांडवाबाहेर खुर्ची टाकून पाहिलं. आमच्या घरचे वर्षभर त्या गावी तोंड दाखवू शकले नाहीत.

असा माणूस उन्हाळ्याच्या सुरुवातीला अचानक बदलला.

आधी ते हसायला लागले. जेवण झालं की ओट्यावर बसायचे आणि भिंतीवरच्या पालीकडे पाहून हसायचे. "पाह्य वो, कशी चालते. जशी सायबाची बायको." मग गोष्टी सुरू झाल्या. खाणीतल्या, बैहरच्या बाजारातल्या, त्यांच्या आणि वारलेल्या मोठीमायच्या लग्नातल्या. इतकी वर्षं शेजारी राहून आम्हाला माहीतच नव्हतं की मोठेबाबांना गोष्टी येतात. पोरं जमू लागली. बाया कामं आटोपून बसू लागल्या. आईने एकदा पातळ वरण पाठवलं तर ते वाटी हातात धरून कितीतरी वेळ बोलत राहिले, "वरनाले काय चव हाय! हे वरन नाही, हे मानसाचं मन हाय." आईच्या वरणाबद्दल आमच्या घरी असं कोणी कधी बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने भजीसुद्धा पाठवली. ती त्यांनी अशी संपवली की ताट खायचं तेवढं बाकी राहिलं.

"मोठेबाबा सुधरले," वॉर्ड म्हणू लागला. विहाराच्या दारात ते आता कधीकधी "हा" विचारायलाही विसरत.

एका संध्याकाळी त्यांनी माझ्यापुढे एक डबी धरली. "घे पोरी. संत्र्याची गोळी हाय. गुडघा दुखते, झोप येत नाही, म्हनून प्रदीपनं धाडली."

प्रदीपदादा म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. बेंगळुरूत कंप्युटरच्या नोकरीत आहे. गोळी मऊ होती, वर साखर लावलेली. ती तोंडात टाकण्याआधी मी डबी फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे औषधाच्या बाटलीपासून लाइटच्या बिलापर्यंत सगळं वाचायची मला सवय लागली आहे. त्यावर लिहिलं होतं, विजयाच्या पानांचा अर्क. खाली टीएचसी. मी फोनवर शोधलं आणि फोन मांडीवर उलटा ठेवला.

विजया म्हणजे भांग, आणि टीएचसी म्हणजे तिची नशा.

मी काहीच बोलले नसते तर बरं झालं असतं, असं मला अजूनही कधीकधी वाटतं. पण ते दुसरी गोळी तोंडात टाकायला निघाले होते.

"मोठेबाबा, याच्यात भांग आहे."

ते हसले. मग माझ्याकडे पाहिलं आणि हसायचे थांबले. त्यांनी तोंडापुढे तळहात धरला, "हा" केलं आणि स्वतःचा वास घेतला. परत घेतला.

"संत्र्याचाच तं येते," ते हळूच म्हणाले. "पोरी, याले तं वासच नाही."

प्रदीपदादाने ती ऑनलाइन मागवली होती. त्याआधी एक डॉक्टरीणबाई मोठेबाबांशी व्हिडिओवर बोलल्या होत्या. "मले वाटलं बँकवाली हाय. इचारून राह्यली, झोप येते काय. मी म्हटलं, तुले काय करायचं." तरी तिने कागद लिहून दिला होता आणि त्या कागदावर डबी आली होती.

मोठेबाबांनी डबी फडक्यात बांधून कपाटावर ठेवली. "सबूत हाय. हात लावू नको. तू कायदा शिकून राह्यली नं? मंग पाह्य, मले किती सजा लागते."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात हात वर केला. मी वर्गात सहसा बोलत नाही. आमचं शिक्षण हिंदीतून, तरी उभं राहिलं की मला दोन्ही भाषा सोडून जातात.

"सर, अगर किसी ने भांग की गोली खा ली हो, अनजाने में..."

"किसने खाई?"

"पड़ोस के एक बुज़ुर्ग हैं, सर."

"सबके पड़ोस के ही होते हैं," सर म्हणाले. वर्ग इतका हसला की मला बाक फाटून आत जावंसं वाटलं. त्या दिवसापासून मागच्या बाकावरची मुलं मला "गोली" म्हणतात.

पण सरांनी समजावून सांगितलं. अमली पदार्थांचा कायदा त्या झाडाचं फूल धरतो, म्हणजे गांजा, आणि चीक धरतो, म्हणजे चरस. नुसत्या पानाला तो गांजा म्हणत नाही. पानाचं काय करायचं ते राज्याकडे सोडलं आहे, म्हणून आपल्याकडे लायसन्सच्या दुकानात भांग मिळते. पानांपासून केलेलं आयुर्वेदिक औषध डॉक्टरच्या कागदावर घेता येतं. "लेकिन," सर म्हणाले, "डिब्बी पर पत्ती लिखी है तो अंदर पत्ती ही है, ये कौन देखेगा? फूल निकला तो मामला अलग." आणि बिनलायसन्स विकली तरी मामला वेगळा. मी सगळं उतरवून घेतलं. लिहिताना वाटलं, इतकी अरुंद पायवाट आहे ही, आणि मोठेबाबा तिच्यावरून डोळे मिटून चालत होते.

संध्याकाळी घरी आले तर मोठेबाबा ओट्यावर पिशवी घेऊन बसलेले. पिशवीत टॉवेल, बीपीच्या गोळ्या, चष्मा.

"कुठं निघालात?"

"कुठी नाही. पोलीस आला तं त्याले तकलीफ नको."

मी जामीन मिळाल्यासारखं सांगितलं, "मोठेबाबा, गुन्हा नाही. डबीवर लिहिलंय ते खरं असेल तर हे औषध आहे, आणि डॉक्टरचा कागद आहे तुमच्याजवळ."

"म्हनजे कोनी येत नाही?"

"नाही."

ते जरा निराशच झाले. टॉवेल बाहेर काढून मांडीवर ठेवला. "कायद्यात बसते. शीलात बसते काय?"

"औषधच होतं ना ते..."

"औषधानं पातळ वरन गोड लागत नाही, पोरी."

याच्यावर आमच्या कोर्सात काही नाही.

नंतरच्या रविवारी विहाराच्या दारात कोणी नव्हतं. लोक दाराशी येऊन सवयीने थबकायचे आणि गोंधळून आत जायचे. मोठेबाबा आलेच नाहीत. त्यांनी स्वतःच विहाराच्या अध्यक्षांना जाऊन सगळं सांगितलं होतं आणि वर म्हणाले होते, यापुढे शील देणं माझ्याच्यानं होणार नाही. ज्याचं मोडलं त्यानं दुसऱ्याला काय द्यावं. बुद्ध पौर्णिमा जवळ आली होती. अध्यक्ष चिडले, बायांनी समजावलं, पण ते ऐकेनात. ओट्यावर बसणंही बंद झालं. आणि ओट्यावर गोष्टी नाहीत म्हटल्यावर आमचंही तिकडे जाणं बंद झालं. कुणी ठरवून नव्हे. आपोआप.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आईने मला मोठेबाबांकडे पाठवलं. ते अंधाऱ्या खोलीत खाटेवर बसले होते. तेवढ्यात फोन वाजला, प्रदीपदादाचा.

"हौ, खाऊन राह्यलो नं गोळी. मस्त झोप येते. तू आपलं पाह्य." फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याले नको सांगू. त्याले वाटते, बाप सुखानं झोपून राह्यला."

मी घरून पाठ करून आणलेलं बोलायला लागले. "मोठेबाबा, एकदा घेतलेलं शील जन्मभर पुरत असतं, तर आपण दर रविवारी ते परत कशाला घेतो? मोडतं म्हणूनच घेतो ना?"

त्यांनी उशाचा टॉवेल मांडीवर घेऊन त्याची घडी घातली. मला वाटलं, मी लहान तोंडी मोठा घास घेतला.

"शीलाचं तं मी पाहून घेतो," ते म्हणाले. "दुसरंच इचारतो. तुही मोठीमाय गेल्यापासून या घरात कोनी बसाले येत नव्हतं. मीच अशा स्वभावाचा, मले माहीत हाय. मंग या दोन महिन्यांत सारे येऊ लागले. तू आली, तुही माय आली, पोट्टे आले. मले वाटलं, म्हातारपनी का होईना, मानसं मले ओळखाले लागली." त्यांनी टॉवेलची घडी मोडली आणि परत घातली. "पन ते मी नव्हतो नं. ते गोळीजवळ येत होते. खरं सांग, हौ का नाही?"

मला नाही म्हणायचं होतं. पण गोष्टी थांबल्यापासून त्या ओट्याकडे मी आजच आले होते, आणि तेही आईने पाठवलं म्हणून. त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. "बस, चहा मांडतो," म्हणाले. चहा पिऊन झाला तरी मी उठले नाही. त्या संध्याकाळी त्यांनी एकही गोष्ट सांगितली नाही. गुडघ्याबद्दल बोलले, नळाच्या पाण्याबद्दल कुरकुरले, आणि मी अंधार पडेपर्यंत ऐकत राहिले.

पौर्णिमेला विहार भरला होता. मोठेबाबा आले, पांढरे कपडे घालून, आणि पुढे न येता सगळ्यात मागे भिंतीशी बसले. अध्यक्षांनी शील द्यायला मला पुढे ढकललं. मी एकेक शील म्हणत गेले, सगळे मागून म्हणत गेले. पाचव्याला माझा आवाज चढला नाही. उलट बारीकच झाला. लोक म्हणाले आणि थांबले.

पण मागून एक आवाज अजून येत होता. मोठेबाबांना एकेक शब्द सुटा करून उच्चारायला वेळ लागत होता, जणू ते पहिल्यांदाच शिकत होते. कोणी वळून पाहिलं नाही. वंदनेतलं पुढचं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. त्यांचं म्हणून होईपर्यंत सगळा विहार थांबला.