अण्णा कंट्रोलर माल्टाच्या स्टँडवर

आमच्या कॉलनीत कुणीही गाडी मागे घ्यायला लागलं की सोनवणे अण्णा जेवणावरून उठतात. हात खरकटा, तोंडात घास, गळ्यात शिट्टी. गाडीच्या मागे उभे राहून सुरू होतात, "येऊ द्या... येऊ द्या... डावी मारा... येऊ द्या... बस्स!" मग गाडीच्या पाठीवर दोन थापा. त्या दोन थापांशिवाय पुढचा घास त्यांच्या घशाखाली उतरत नाही.

अण्णा एसटीत कंट्रोलर होते. नाशिकच्या स्टँडवरून तीस वर्षं त्यांनी गाड्या सोडल्या. निवृत्त झाल्यावर गंगापूर रोडला आमच्या शेजारी राहायला आले आणि राहिलेल्या गाड्या इथून सोडायला लागले. मी नवी मारुती घेतली तेव्हा मला हा उगाचच अपमान वाटला. भूगोलाचा मास्तर आहे मी, दिशा मला कळतात. एका रविवारी अण्णा आंघोळीला गेलेत असं बघून मी गुपचूप गाडी मागे घेतली. ती थेट समोरच्यांच्या कंपाउंडच्या भिंतीत. अण्णा टॉवेलवरच बाहेर आले. भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, कंट्रोलरला विचारल्याशिवाय गाडी हलवायची नसते," म्हणाले, आणि चेपलेल्या डिकीवर दोन थापा मारून परत आंघोळीला गेले.

घरातही कारभार स्टँडचाच. "चहा फलाट क्रमांक एकवर लागलेला आहे, प्रवाशांनी त्वरित यावे," असा पुकारा आमच्या खिडकीपर्यंत येतो. कधी कधी स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचाही येतो, "गाडी रद्द! दूध नासलंय."

एवढं आयुष्य गाड्यांत गेलं, पण हा गृहस्थ गाडीत बसत नाही. बस रिकामी असली तरी दाराशी दांडा धरून उभा. विचारलं की एकच उत्तर, "आपण गाड्या सोडणारे, मास्तर. आपण बसायचं नसतं."

त्यांचा मुलगा बोटीवर इंजिनिअर आहे. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला त्याची बोट भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर दुरुस्तीला लागली आणि त्यानं आईवडिलांना तिकडे बोलावून घेतलं. दोघं एकटी कशी जाणार, म्हणून मी आणि माझी बायको सुनंदा बरोबर निघालो. इंग्रजी आणि नकाशा ही दोन खाती माझ्याकडे होती. दोन्ही पहिल्याच दिवशी बुडाली.

त्या दिवशी मुलाला सुटी नव्हती. बेट आमचं आम्हालाच पाहायचं होतं. नाश्त्याला अण्णा हॉटेलच्या दारात एका टॅक्सीला मागे घेत होते, तेव्हा वहिनी सुनंदाला म्हणाल्या, "बेट-बिट काय, दिसंल ते बघू. मला एकच बघायचंय. हे माझ्याशेजारी गाडीत बसलेले."

"म्हणजे?"

"अगं, लग्नाला पस्तीस वर्षं झाली. माझं माहेर पेठ गावचं. दर खेपेला मला गाडीत बसवून द्यायचे, दोन थापा मारायचे अन् पाठ फिरवून चालायला लागायचे. शेजारी एकदा पण नाय बसले. आज बसवतेच."

"अहो, विमानात तर शेजारीच होते की," मी म्हणालो.

"पट्ट्यानं बांधून बसवलेला माणूस मी धरत नाय, भाऊजी."

माल्टाची राजधानी व्हॅलेटा. तिच्या वेशीबाहेर एक मोठं कारंजं, आणि त्या कारंज्याभोवती गोल पिवळ्याधमक बसगाड्या. जुन्या, गोलमटोल, प्रत्येकीच्या काचेवर ड्रायव्हरनं आपापला देव लावलेला. लोक किल्ला बघायला जात होते. अण्णा जागच्या जागी थांबले.

"मास्तर, स्टँड बघा! मधे पाणी, भोवती गाड्या. याला म्हणतात आखणी. नाहीतर आपलं नाशिकचं सीबीएस!"

तेवढ्यात एक जाडा ड्रायव्हर आपली बस मागे घ्यायला लागला. अण्णांची शिट्टी वाजलीच. "येऊ द्या... येऊ द्या..." मी लाजेनं नकाशात तोंड घातलं. पण त्या ड्रायव्हरनं आरशात पाहिलं आणि अण्णांच्या हाताबरहुकूम गाडी आणली. "बस्स!" दोन थापा. गाडी कठड्यापासून वीतभर अंतरावर थांबली. ड्रायव्हर उतरला आणि त्यानं अण्णांचा हात हातात घेऊन चांगला गदागदा हलवला. मी इंग्रजीत काहीतरी आभाराचं बोललो, तर तो 'कळलं नाही' अशी मान हलवून परत अण्णांशीच बोलायला लागला. तो त्याच्या भाषेत, अण्णा सिन्नरच्या. दोघांचं उत्तम चाललं होतं.

मग मी सूत्रं हातात घेतली. नकाशा पाहिला, आकडा पाहिला, सगळ्यांना एका बसमध्ये चढवलं आणि जाहीर केलं, "मच्छीमारांचं गाव. रंगीत होड्या."

वहिनी चटकन खिडकीशी बसल्या आणि त्यांनी शेजारच्या जागेवर रुमाल टाकला. आपल्याकडे रुमाल पडला की जागा झाली. त्यावर तंटा नाही. अण्णा अर्थात दाराशी, आणखी कोण चढतंय ते बघत. पुढच्या थांब्यावर काळ्या कपड्यांतल्या एक आजीबाई चढल्या. त्यांनी रुमाल उचलला, नीट झटकला, चार घड्या घातल्या आणि "पडला होता हो तुमचा" अशा चेहऱ्यानं वहिनींच्या हातात देऊन त्या जागेवर ऐसपैस बसल्या. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मला इंग्रजीत 'रुमाल टाकलाय' म्हणता येईना. आजीबाई शेवटपर्यंत उतरल्या नाहीत.

शेवटी एका मोठ्या इस्पितळाचं आवार आलं. मच्छीमार नाही, होडी नाही. गाडीवरच्या पाटीचा आकडा मी उलटा वाचला होता की नकाशातला, हे मला अजून सांगता येत नाही. सुनंदा म्हणाली, "भूगोल शिकवतोस म्हणजे मुलं घरी कशी पोचतात रे?"

दुपारी पुन्हा कारंज्यापाशी. आम्ही कठड्यावर बसून नाशिकहून आणलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी काढली. अण्णा उभ्यानंच खात होते, एक डोळा गाड्यांवर. वहिनींचा संयम सुटला.

"बसा की हो जरा! गाडीत नाय तर नाय, कठड्यावर तरी बसा. बाळंतपणाला गेले तवा पण दोन थापा मारल्या अन् गेले निघून. एवढी जड होते मी का तुम्हाला? बघवत नव्हतं माझ्याकडं?"

अण्णांचा घास हातातच राहिला. ते कारंज्याच्या पलीकडे गेले. सुनंदानं मला कोपरानं ढोसलं, म्हणून मी मागे गेलो.

ते पाण्याकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "पाठ नव्हतो फिरवत, मास्तर. फोनाकडं जायचो."

"कसल्या फोनाकडे?"

"कंट्रोलच्या केबिनमधल्या. पेठचा रस्ता घाटाचा. गाडी सुटली की दीड-दोन तासांनी पेठच्या स्टँडला फोन लावायचा, गाडी आली का म्हणून. लाइन लय खराब. आधीपासून धरून बसावं लागायचं. नाहीच लागली तर तीच गाडी माघारी यायची तोवर थांबायचं अन् ड्रायव्हरला विचारायचं. ड्यूटी कधीच संपलेली असायची."

"हे वहिनींना सांगितलंत कधी?"

"त्यात सांगायचं काय? गाडी पोचली, विषय संपला."

"मग इथे का बसत नाही? इथे तर घाट नाही."

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू भूगोलातला अगदी पहिलीचा प्रश्न मला येत नाही. "दाराशी उभा असलो की ड्यूटीवर असतो. दोघंबी प्रवासी होऊन बसलो, तर पोचली का म्हणून इचारायला मागं कोण?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "अण्णा, आज मी थांबतो मागे."

"तुम्ही?"

"मी. इथेच, याच कठड्यावर. गाडी परत येईपर्यंत हलत नाही."

अण्णांनी माझी चेपलेली मारुती आठवून घेतली असावी. मग हळूच म्हणाले, "सुनंदाताईंना पण थांबवा."

तो सकाळचा जाडा ड्रायव्हर निळ्या गुहेच्या गाडीवर होता. समुद्रकाठानं जायचं, गुहा दाखवायची, वळून इथेच यायचं. वहिनी खिडकीशी बसल्या. त्यांनी रुमाल काढला नाही. सकाळचा धडा पुरे होता. अण्णा चढले, सवयीनं दांडा धरला, खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मी जागेवर उभा आहे याची खात्री केली. आणि बसले. वहिनी एकदम बाहेर बघायला लागल्या, जणू शेजारी कुणी परका बसलाय.

दोन-अडीच तास मी त्या कठड्यावर होतो. सुनंदा किल्ला पाहून आली, आइस्क्रीम खाऊन आली. मला एका जागचं हलवेना. मधे पाचदा तरी मी घड्याळ पाहिलं, आणि एकदा चक्क एका पोलिसाला विचारलं, "तिकडे घाट आहे का हो?"

गाडी आली. माणसं उतरली. ही दोघं नाहीत. मी धावत खिडकीपाशी गेलो.

अण्णा वहिनींच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपले होते. तोंड उघडं, टोपी वहिनींच्या मांडीवर.

"पोचलात ना?" मी विचारलं. "गुहा कशी होती?"

"कुठली गुहा?" वहिनी अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "ते फोनाचं सांगितलं मला त्यांनी. तेवढं सांगितलं, अन् पाच मिनिटांत घोरायला लागले. सगळे उतरले गुहेपाशी. मी कशाला उतरते?"

ड्रायव्हर मागे वळून 'उतरा आता' अशी खूण करत होता. वहिनींचा खांदा एवढासुद्धा हलला नाही.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "त्या बाबाला तुमच्या इंग्रजीत सांगा. अजून एक फेरी."